सेलेनियमचं सेटअप डॉक अपडेट करताय? आधी जुनी ड्रायव्हरवाली स्टेप उडवा

बऱ्याच टीमकडे सेलेनियम (कोडमधून ब्राउझर चालवून वेबसाइट तपासायचं टूल) सेटअपचं एक जुनं डॉक पडलेलं असतं, विकीवर नाहीतर रीडमीमध्ये, आणि त्यातली मधली स्टेप ठरलेली. क्रोमचं व्हर्जन बघा, त्याच व्हर्जनचा क्रोमड्रायव्हर (सेलेनियमला क्रोम चालवू देणारा छोटा प्रोग्राम) डाउनलोड करा, झिप फोडा, सी ड्राइव्हवर फोल्डर करून त्यात टाका, पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) ॲड करा, आणि सोबत ढीगभर स्क्रीनशॉट. ही स्टेप आता लागतच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या 4.6 पासून सेलेनियमसोबत सेलेनियम मॅनेजर येतो, तो मशीनवर कुठलं क्रोम आहे ते बघून ड्रायव्हर स्वतः आणतो, आणि 4.11 पासून तर क्रोमच नसेल तरी क्रोम फॉर टेस्टिंग (टेस्टिंगसाठीचं वेगळं क्रोम) उतरवून घेतो. तेव्हा पहिलं काम डिलीट बटणाचं.

असू दे की, जुनी स्टेप राहिली तर बिघडतं काय, असं टीममधलं कोणीतरी म्हणणारच. बिघडतं. क्रोम 115 पासून ड्रायव्हर क्रोम फॉर टेस्टिंगच्या पानावर गेले आणि जुन्या डाउनलोड साइटवरचं लेटेस्ट 114 लाच अडकलं. नवीन आलेला पोरगा बिचारा डॉकप्रमाणे तेच उतरवतो, पाथमध्ये टाकतो, आणि मग सेलेनियम मॅनेजर नवीन ड्रायव्हर आणायच्या ऐवजी पाथमध्ये सापडलेलाच आधी उचलतो. मग सेशन नॉट क्रिएटेड, हा ड्रायव्हर फक्त क्रोम 114 ला चालतो, अशी एरर, आणि अर्धा दिवस गेला.

म्हणून डॉकच्या अगदी सुरुवातीला एक छोटा भाग घाला, ज्यांनी आधी सेलेनियम वापरलंय त्यांच्यासाठी. मॅक आणि लिनक्सवर विच क्रोमड्रायव्हर, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर व्हेअर क्रोमड्रायव्हर ही कमांड मारायची, काही सापडलं तर ती फाइल काढून टाका किंवा पाथमधून ते फोल्डर काढा. पॉवरशेलमध्ये नुसतं व्हेअर वेगळंच काहीतरी असतं, तिथे व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहावं लागतं, हे डॉकमध्ये नसेल तर माणूस काहीच दिसलं नाही म्हणून खुशाल पुढे जातो.

आता इन्स्टॉलेशन. पायथनवाले असाल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) आधी, पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) नंतर, आणि हे ऐच्छिक म्हणून लिहू नका. डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून सिस्टिमच्या पायथनवर थेट पिप इन्स्टॉल केलं की एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट म्हणून अडवतात, मग लोक गूगल करून ब्रेक सिस्टिम पॅकेजेसवाला फ्लॅग मारतात, जो नावातच सांगतोय की मी काय करणार आहे! उबुंटूवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, ती ॲप्टची (उबुंटूच्या पॅकेज इन्स्टॉलरची) ओळही द्या. विंडोजवर दोन गोष्टी हमखास अडवतात. पायथन इन्स्टॉल नसताना पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, आणि पॉवरशेलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करताना एक्झिक्युशन पॉलिसीची एरर येते. दोन्हीवर एकेक ओळ लिहा, आणि एररचा मजकूर जसाच्या तसा पेस्ट करा कारण लोक एरर कॉपी करूनच सर्च मारतात. स्क्रीनशॉटमधला मजकूर बहुतेक ठिकाणी सर्चमध्ये सापडत नाही, शिवाय क्रोमचं नवीन मेजर व्हर्जन दर काही आठवड्यांनी येतं, कितीदा बदलणार ते फोटो?

व्हर्जन नंबर एकाच जागी, रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी). डॉकमध्ये पाच ठिकाणी लिहिलात तर पुढच्या वेळी तीनच ठिकाणी बदलले जातील.

ऑफिसच्या नेटवर्कचं विसरू नका. सेलेनियम मॅनेजर पहिल्यांदा इंटरनेटवरून ड्रायव्हर आणतो, प्रॉक्सीच्या मागे असाल तर अनेबल टू ऑब्टेन ड्रायव्हर असं रडतो. एसई प्रॉक्सी नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (एसई आणि प्रॉक्सीच्या मध्ये अंडरस्कोअर, सगळं कॅपिटल) सेट केलं की काम होतं. उतरलेलं सगळं होम फोल्डरमधल्या डॉट कॅशच्या आत सेलेनियम नावाच्या फोल्डरमध्ये जातं, हेही लिहा, गडबड झाली की ते फोल्डर उडवून परत रन करता येतं.

सॅम्पल कोड तपासल्याशिवाय डॉक अपडेट झालं म्हणू नका. ड्रायव्हर बनवताना एक्झिक्युटेबल पाथ थेट द्यायची सोय 4.10 मध्ये गेली, फाइंड एलिमेंट बाय आयडीसारखी जुनी फंक्शन्स पायथनमधून 4.3 मध्येच गेली. वेबड्रायव्हर मॅनेजर नावाचं, ड्रायव्हर उतरवणारं वेगळं पॅकेज कोणी घातलं असेल तर शक्यतो काढा, माझ्या मते आता ते फक्त एक जास्तीचं ओझं आहे. शेवटी चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा, एक्झाम्पल डॉट कॉम उघडायचं, टायटल प्रिंट करायचं, आणि खाली लिहायचं की एक्झाम्पल डोमेन दिसलं तर झालं. झालं की नाही हे कळायची जागाच बऱ्याच डॉकमध्ये नसते.

आणि हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका, तिथे सगळं आधीच बसलेलं असतं. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा, प्रत्येक वेळी कोरी विंडोज मिळते. होमवर ते नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं टूल) पायथनची स्लिम म्हणजे छाटलेली इमेज घेतलीत तर क्रोम उतरेल पण उघडणार नाही, सिस्टिमच्या लायब्ररी कमी पडतात, त्याला डॉकची चूक समजू नका. डॉकमधल्या कमांड एकेक करून कॉपी पेस्ट करा, हाताने टाइप करू नका, नाहीतर डॉकमधली चूक तुमची बोटंच परस्पर दुरुस्त करतात.

जुनं विकी पान तसंच ठेवू नका, सर्चमध्ये तेच वर येत राहील. मजकूर पुसून फक्त नव्या पानाची लिंक ठेवा.