जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही बघताना आधी बॉनेटला हात लावा

बॉनेट गरम लागलं, तर मालकाने बहुधा गाडी आधीच चालू करून ठेवलीय. थंड होऊ द्या, मगच स्टार्ट करा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजिनमध्ये ऑइल जळतंय.

मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. मी एकदा ओढला, तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ! वरून चकाचक गाडी, पण पाण्यात बुडून आलेली.

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलाय. मीटरवर ३०,००० किमी आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत? मला तरी लगेच मीटर मागे फिरवल्याची शंका येते.

चालवताना गाणी बंद, काचा खाली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा. पुढच्या चाकाकडून कटकट आली, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट बहुधा गेलाय.