रेकॉर्डिंग अडखळतंय? बिटरेटला हात लावण्याआधी या चुका टाळा

व्हर्च्युअल सेटवरचं, म्हणजे संगणकाने बनवलेल्या पार्श्वभूमीवरचं, रेकॉर्डिंग अडखळायला लागलं की बहुतेकांचा हात आधी बिटरेटकडे जातो. पण बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा द्यायचा या आकड्याचा, संबंध चित्राच्या स्वच्छतेशी आहे. चौकोन दिसणं, केसांच्या कडा विरघळल्यासारख्या होणं, गडद भागातला तपशील पुसला जाणं ही कमी बिटरेटची लक्षणं. हालचाल तुटत असेल, तर फ्रेम वाटेत कुठेतरी हरवते आहे, आणि बिटरेट वाढवून ती परत येत नाही. उलट डिस्कवरचा भार वाढतो. शिवाय नुसतं रेकॉर्डिंगच करायचं असेल, तर ठरावीक बिटरेटऐवजी गुणवत्तेवर चालणारा सीक्यूपी किंवा सीआरएफ मोड निवडा आणि आकडा १८ ते २३च्या दरम्यान ठेवा. तो विषय तिथेच संपतो.

फाइल खरंच बिघडली आहे का, हेही आधी बघून घ्या. कित्येकदा फाइल ठीक असते आणि ती चालवणारा संगणकच थकलेला असतो. व्हीएलसीमध्ये ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. प्रत्येक फ्रेममध्ये हात थोडा थोडा सरकतोय का? मग दोष प्लेबॅकचा. हात दोन फ्रेम जागच्या जागी राहून तिसरीत उडी मारतोय का? मग दोष रेकॉर्डिंगचा.

सगळ्या गळतीला एकच नाव देणं

ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आकडेवारीच्या खिडकीत तीन वेगळे आकडे दिसतात आणि तिन्हींना सरसकट ‘फ्रेम ड्रॉप’ म्हटलं जातं. घोळ इथूनच सुरू होतो. रेंडरिंग लॅग वाढत असेल, तर दृश्य जुळवायला ग्राफिक्स कार्डाला वेळ मिळत नाहीये. एन्कोडिंग लॅग वाढत असेल, तर दृश्य तयार आहे पण ते दाबून फाइलमध्ये बसवणारा एन्कोडर मागे पडतोय: प्रीसेट (एन्कोडरच्या मेहनतीची पातळी) हलका करा किंवा हार्डवेअर एन्कोडर घ्या. तिसरा आकडा नेटवर्कवर गळलेल्या फ्रेमचा. त्याचा त्रास लाइव्ह बघणाऱ्यांना होतो, डिस्कवरच्या फाइलमधल्या फ्रेम त्याने गळत नाहीत. तरीही तो आकडा पाहून रेकॉर्डिंगचं रिझोल्यूशन कमी करणारे लोक आहेतच.

हिशेब डोक्यात ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमचं सगळं काम १६.६७ मिलिसेकंदांत उरकायला हवं. २५ फ्रेम असतील तर ४० मिलिसेकंद हाताशी असतात. निवेदक खुर्चीत बसून बोलणार असेल, तर ६०चा हट्ट कशासाठी, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

ग्राफिक्स कार्डाला उसंत न देणं

एकाच संगणकावर अनरियल इंजिन (सेटचं त्रिमितीय दृश्य काढणारं सॉफ्टवेअर) आणि ओबीएस चालवणाऱ्यांचा हा नेहमीचा रोग. इंजिनाला मोकळं सोडलं की ते जमतील तेवढ्या फ्रेम काढत राहतं आणि कार्ड ९९ टक्क्यांवर जातं. एनव्हेंकसारखा एन्कोडर कार्डावरच्या वेगळ्या भागात चालतो, म्हणून ‘रेकॉर्डिंगचा भार पडतच नाही’ असा समज असतो. तो अर्धाच खरा. एन्कोडरपर्यंत पोचण्याआधी दृश्य जुळवणं, लहान-मोठं करणं, रंगांचं रूपांतर ही कामं कार्डाच्या मुख्य भागावरच होतात, आणि तिथे रांग लागलेली असते. इंजिनात टी.मॅक्सएफपीएस या कमांडने मर्यादा घाला आणि ती प्रोजेक्टच्या फ्रेम रेटइतकीच ठेवा. कार्डाचा वापर ८०-८५ टक्क्यांच्या आसपास राहिला की निम्मी दुखणी आपोआप जातात. विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, तर त्याला कार्डावर प्राधान्य मिळतं, हाही उपाय फुकटचा आहे.

अनरियलमधली एक खूण मात्र भल्याभल्यांना चकवते. एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘यूज लेस सीपीयू व्हेन इन बॅकग्राउंड’ असा पर्याय असतो. तो चालू असेल, तर दुसऱ्या खिडकीवर क्लिक केल्याक्षणी इंजिन मंदावतं. रेकॉर्डचं बटण दाबायला तुम्ही ओबीएसमध्ये जाता आणि दृश्य लंगडतं. काय झालं बघायला परत इंजिनात येता, तर सगळं सुरळीत! ती खूण काढून टाका.

कॅमेरा सेटच्या एखाद्या कोपऱ्याकडे पहिल्यांदा वळला की झटका बसतो आणि दुसऱ्या वेळी बसत नाही, असं होत असेल तर ते शेडर, म्हणजे पृष्ठभाग आणि प्रकाश रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, त्या क्षणी तयार होण्याचं लक्षण आहे. रेकॉर्डिंगआधी कॅमेऱ्याची पूर्ण वाट एकदा फिरून घ्या. आणि काम लाइव्ह जाणारच नसेल, तर हा सगळा अट्टहास सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याची हालचाल अनरियलच्याच टेक रेकॉर्डरमध्ये टिपा, हिरव्या पडद्यासमोरचं चित्र वेगळं रेकॉर्ड करा आणि पार्श्वभूमी नंतर मूव्ही रेंडर क्यूमधून सावकाश काढा. तिथे एका फ्रेमला दोन सेकंद लागले तरी काही बिघडत नाही.

फ्रेम रेटची सरमिसळ

कॅमेरा २५वर, प्रोजेक्ट ३०वर, मॉनिटर ६०वर. आकडेवारीत सगळीकडे शून्य, तरी पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र अडखळतं. कारण साधं आहे: २५च्या ३० करायच्या तर दर सेकंदाला ५ फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. त्या ‘गळलेल्या’ नसल्यामुळे कुठल्याही मोजणीत येत नाहीत.

याहून छुपा प्रकार ५९.९४ आणि ६० यांचा. फरक नगण्य वाटतो, पण साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची पडते किंवा पुन्हा दाखवावी लागते. मधूनच येणाऱ्या, कुणालाच न उलगडणाऱ्या उचकीमागे अनेकदा हेच असतं. मोबाइल कॅमेरा म्हणून वापरत असाल, तर त्याचा फ्रेम रेट प्रकाशानुसार वरखाली होऊ शकतो. तो स्थिर ठेवणारं ॲप वापरा. एकच आकडा ठरवा आणि कॅमेरा, त्याचं चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड, इंजिन, रेकॉर्डिंग सगळीकडे तोच ठेवा. एलईडी भिंत असेल, तर आकडा सारखा असून भागत नाही, प्रत्येक फ्रेम एकाच क्षणी सुरू व्हावी लागते. त्यासाठी सगळ्या उपकरणांना एकाच ठोक्यावर चालवणारा जेनलॉक हवाच, त्याला पळवाट नाही.

शटरकडेही लक्ष असू द्या. २५ फ्रेमना १/५० सेकंद हा सर्वसाधारण नियम. १/५०० ठेवलं की हालचालीतला नैसर्गिक धूसरपणा जातो आणि एकही फ्रेम न गळता चित्र तुटक दिसतं.

आवाज आधी जुळवणं, ट्रॅकिंग नंतर

हा क्रमच उलटा आहे. आधी ट्रॅकिंग, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल टिपून पार्श्वभूमी तशीच हलवणं. कॅमेरा झपकन फिरवा आणि एकदम थांबवा. माणूस थांबल्यावरही पार्श्वभूमी सरकत राहिली, तर ट्रॅकिंगची माहिती उशिरा पोचतेय: कॅमेऱ्याच्या चित्राला थोडा विलंब द्या. पार्श्वभूमी आधी थांबली, तर ट्रॅकिंगला विलंब द्या. चित्राला दिलेला प्रत्येक विलंब आवाजाचं गणित बदलतो, म्हणून आवाजाची पाळी त्यानंतर येते.

आवाज जुळवताना रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला टाळी वाजवा, आणि शेवटीही. ही शेवटची टाळी लोक विसरतात, खरं निदान मात्र तिच्यात असतं. दोन्हीकडे फरक सारखा असेल, तर तो ठरावीक विलंब आहे. फाइलमधल्या फ्रेम मोजा: २५ फ्रेम रेटवर ३ फ्रेमचा फरक म्हणजे १२० मिलिसेकंद, आवाज तेवढा आधी येत असेल, तर तेवढाच विलंब त्याला द्या. मोजणी फाइलवरच करा. समोरचा मॉनिटर आणि ब्लूटूथ हेडफोन यांचा स्वतःचा विलंब असतो, त्यांच्या भरवशावर जुळवलेला आवाज फाइलमध्ये हमखास चुकतो.

शेवटच्या टाळीला फरक वाढलेला असेल, तर विलंब देऊन काही होणार नाही. तिथे दोन घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालताहेत. सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ आहे ना, कुठे ४४.१ राहिलंय का, हे आधी तपासा. तरीही फरक वाढत असेल, तर यूएसबी माइक आणि कॅप्चर कार्ड आपापल्या घड्याळावर चालताहेत. दोघांत दहा लाखांत ५० इतका किरकोळ फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंद साचतात, म्हणजे २५ फ्रेम रेटवर चारहून जास्त फ्रेम. माइक कॅमेऱ्यात जोडून चित्र आणि आवाज एकाच केबलने आणणं हा सर्वात टिकाऊ इलाज. ते शक्य नसेल, तर रेकॉर्डिंग लहान तुकड्यांत करा.

किती फरक चालतो? युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर-३७ या शिफारशीत आवाज ४० मिलिसेकंद आधी किंवा ६० मिलिसेकंद नंतर, अशी मर्यादा आहे. आवाज आधी आलेला जास्त खटकतो, कारण प्रत्यक्षात प्रकाशाच्या आधी आवाज कधीच पोचत नाही. नेमकं जुळत नसेल, तर आवाज किंचित मागे ठेवा.

आवाजात तडतड येत असेल, तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती साठवून पुढे पाठवायचा तो आकडा, बघा. ४८ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद, रेकॉर्डिंगला एवढी घाई नसते. २५६ किंवा ५१२ ठेवा. मग विंडोजवर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते पाहा. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटत असेल, तर एकच माइक दोन वाटांनी आत येतोय, थेट आणि कॅमेऱ्यातून. एक वाट बंद करा. ओबीएस ६ ट्रॅक देतं, तेव्हा निवेदक, पाहुणा आणि संगीत वेगळे ठेवण्यात कंजुषी करू नका.

केबल आणि डिस्क

असंपीडित १०८०पी चित्र ३० फ्रेमवर साधारण १ गिगाबिट प्रतिसेकंद मागतं आणि यूएसबी २.०ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. एका हबवर दोन कॅमेरे लटकवू नका, प्रत्येकाला स्वतंत्र पोर्ट द्या. एनडीआय (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) वायफायवर चालवून नशिबाची परीक्षा पाहू नका.

क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये रेकॉर्ड करू नका. स्वस्त एसएसडी पहिली काही मिनिटं झपाट्याने लिहिते आणि कॅशे भरला की ढेपाळते. साध्या एमपी-फोरमध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली, तर सहसा अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही वापरा किंवा ओबीएस ३०.२पासून आलेला हायब्रिड एमपी-फोर.

पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबणंही चूकच. लॅपटॉप अर्ध्या तासाने तापून मंदावणं, एसएसडीचा कॅशे भरणं, घड्याळांमधला फरक साचणं, यातलं काहीच पाच मिनिटांत दिसत नाही. मुख्य कार्यक्रम तासाभराचा असेल, तर चाचणीही तासाभराची करा: तेच दिवे, तेवढेच कॅमेरे, चार्जर लावलेला, आणि आकडेवारीची खिडकी शेवटपर्यंत उघडी.