हॉट डेस्क बघायला शनिवारी येऊ नका

मी पुण्यात एरंडवण्यातल्या एका को-वर्किंग ऑफिसात, म्हणजे जिथे कोणालाही कामापुरती खुर्ची-टेबल भाड्याने मिळतं अशा जागेत, फ्रंट डेस्क सांभाळते. त्याआधी बाणेरला हेच करत होते. काम म्हणजे जागा दाखवणं, बिलं काढणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढणं आणि ‘एसी वाढवा’वाले नि ‘एसी कमी करा’वाले यांच्यात तह घडवणं. जागा बघायला लोक हटकून शनिवारी सकाळी येतात. सुट्टी असते, रस्ता मोकळा असतो. हॉलमध्ये इनमिन चार माणसं, खिडकीतून छान उजेड, वर मी मशीनचा चहा स्वतः आणून देते. माणूस खूश होऊन महिन्याचे पैसे भरतो. मग मंगळवारी पावणेबाराला येतो, तेव्हा पँट्रीच्या दारासमोरची तेवढी एक खुर्ची उरलेली असते.

यात फसवाफसवी नाही, धंद्याचं गणित आहे. हॉट डेस्क घेतलं की ठरलेली जागा मिळत नाही. जी मोकळी दिसेल तिथे बसायचं. सगळे सभासद एकाच दिवशी येत नाहीत हे आम्हाला ठाऊक असतं, म्हणून खुर्च्यांपेक्षा सभासद जास्त घेतले जातात. नाहीतर त्या दरात जागेचं भाडंसुद्धा सुटणार नाही. प्रश्न एवढाच, की किती जास्त? हे तोंडी विचारलंत तर गोड उत्तर मिळेल. मीही तेच देते. म्हणून स्वतः येऊन बघा. मंगळवार ते गुरुवार, साडेअकरा ते साडेबारा ही वेळ. त्यातही गुरुवार उत्तम. महावितरणची देखभाल-दुरुस्ती आणि महापालिकेचं ‘पाणी बंद’ पुण्यात बहुतेक वेळा गुरुवारीच येतं, आणि ज्याच्या घरची वीज गेली तो दहा वाजता चार्जर घेऊन आमच्या दारात उभा असतो.

आल्यावर रिकाम्या खुर्च्या मोजत बसू नका. सोफ्यावर कोणी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलंय का? सहा जणांच्या मीटिंग रूममध्ये एकच माणूस हेडफोन लावून बसलाय का? किती टेबलांवर माणूस नाही, नुसती बॅग आहे? आणि फोन बूथच्या (कॉल घ्यायच्या एकट्याच्या बंद खोक्याच्या) बाहेर कोणी घड्याळ बघत घुटमळतंय का? यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर समजा की जागा भरून वाहते आहे, दर कितीही आकर्षक असला तरी.

पैशांचा हिशोब आधी घरी करून या. समजा दिवसाचा पास ५०० रुपये आहे आणि महिन्याचं हॉट डेस्क ६,५००. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतोच, म्हणजे ५९० आणि ७,६७०. तेरा दिवसांना बरोबरी होते. आता प्रामाणिकपणे सांगा, तेरा दिवस याल? पहिल्या महिन्यात येतात सगळे. दुसऱ्या महिन्यात पाऊस लागतो, मुलाची परीक्षा येते, ‘आज घरूनच करतो’ सुरू होतं. माझा सल्ला: पहिले दोन महिने पासावर काढा. दहा पासांचा गठ्ठा बऱ्याच ठिकाणी स्वस्तात मिळतो. फक्त तो किती दिवसांत संपवायचा ते विचारून घ्या, कारण मुदत संपली की उरलेले पास बुडाले. दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्यांनी मात्र हॉट डेस्कच्या वाटेला जाऊच नये. रोज केबल लावा, रोज काढा, आठवड्यात कंटाळा येतो. त्यांनी राखीव टेबल घ्यावं. आणि ज्यांचे दिवसातले तीन-चार तास फोनवर जातात त्यांनी छोटी केबिन घ्यावी, नाहीतर घरी बसावं. बूथ मोजून तीन असतात आणि त्यात अर्ध्या तासाने घाम फुटतो.

ज्यांना बोलायचंच नाही, नुसतं खाली मान घालून लिहायचं-वाचायचं आहे, त्यांना एक स्वस्त वाट सांगते (आमच्या मालकांना सांगू नका). सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका. राखीव खुर्ची, लॉकर, वायफाय, आणि भाडं आमच्यापेक्षा कितीतरी कमी. पण आधी विचारा लॅपटॉप चालतो का. काही ठिकाणी चालतो. काही ठिकाणी कीबोर्डची टकटक ऐकून पुढच्या रांगेतला एमपीएससीवाला असा वळून बघतो की दुसऱ्या दिवशी जायची हिंमत होत नाही.

जागा निवडताना नकाशावरचे किलोमीटर बघू नका, वाटेतले चौक बघा. औंधहून बाणेर किंवा बालेवाडी ठीक. पण कोथरूडहून विद्यापीठ चौक ओलांडून संध्याकाळी परत यायचं असेल तर एकदा सहाला निघून बघा, मग ठरवा. मार्च २०२४ पासून मेट्रो वनाज ते रामवाडी सलग धावते, त्यामुळे कोथरूडच्या माणसाला नळ स्टॉप, डेक्कन किंवा कल्याणीनगरची जागा घेणं सोपं झालंय. पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्याला सिव्हिल कोर्टला गाडी बदलता येते, आणि सप्टेंबर २०२४ पासून तीच मार्गिका पुढे स्वारगेटपर्यंत जाते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत असेल तर पार्किंगची कटकटच मिटली. गाडीनेच येणार असाल तर ‘पार्किंग आहे’ या उत्तरावर थांबू नका. सभासदांसाठी किती दुचाकींची जागा आहे, ती कुठे आहे, आणि सकाळी अकरानंतर ती मिळते का, हे आम्हाला नाही, खालच्या वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो. डेक्कन, फर्ग्युसन रस्ता किंवा पेठांच्या आसपास जागा घेतलीत तर पालख्या येतात तेव्हा आणि विसर्जनाच्या वेळी गाडी आत येणार नाही हे धरून चाला. त्या दिवसांत क्लायंटला मीटिंगला बोलावू नका.

जागा आवडली की पैसे भरण्याआधी एक दिवस फुकट किंवा पास काढून बसा. त्या दिवशी काम कमी आणि तपासणी जास्त करा.

सगळ्यात आधी नेट. भिंतीवर लिहिलेला वेग हा अख्ख्या लाइनचा असतो, तुमच्या वाट्याचा नाही. बारा वाजता आणि पुन्हा चार वाजता स्वतःच्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावा, आणि डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस अपलोड भरपूर झालं, पण ते सलग मिळायला हवं. वायफायची दोन नावं दिसत असतील तर ५ गीगाहर्ट्‌झवालं घ्या. वेग चांगला मिळतो, मात्र भिंती आड आल्या की ते लवकर मान टाकतं, म्हणून टेस्ट रिसेप्शनपाशी नको, जिथे बसणार त्या कोपऱ्यात करा. कंपनीचं व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय) असेल तर ते चालू करून बघा. मग विचारा, दुसरी लाइन आहे का आणि ती वेगळ्या कंपनीची आहे का. इथे अजून एक खोच आहे: दोन कंपन्यांच्या केबल इमारतीत एकाच खड्ड्यातून येत असतील, तर रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडतो. आणि पुण्यात रस्ता कधी खोदला जात नाही?

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे मोबाइलची रेंज. काचेच्या इमारतीत आतल्या बाजूला काही टेबलांवर रेंजच येत नाही. वायफाय जोरात, पण बँकेचा ओटीपी घ्यायला माणूस लिफ्टपाशी पळतोय, हे मी रोज बघते. बसल्या जागी एक ओटीपी मागवून बघा.

वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं तेही विचारा. दिवे, पंखे आणि नेट बहुतेक ठिकाणी चालतं. एसी चालतो का? एप्रिलमध्ये न उघडणाऱ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये एसीशिवाय दोन तास म्हणजे काय, ते एकदा अनुभवलेला माणूस हा प्रश्न कधी विसरत नाही. संध्याकाळी एसी किती वाजता बंद होतो आणि शनिवार-रविवारी दार उघडतं का, हेही त्यातच विचारून टाका, विशेषतः अमेरिकेच्या वेळेवर काम असेल तर.

खुर्चीवर वीस मिनिटं बसा. गॅस संपलेली खुर्ची लगेच कळत नाही, लिफ्टसारखी हळूहळू खाली जाते. आमच्याकडे एका सभासदाने चांगल्या खुर्चीच्या हँडलला आतल्या बाजूने लाल दोरा बांधून ठेवलाय. सकाळी येऊन तो टेबलाखाली वाकून दोरे शोधतो. मी कोणाला सांगितलेलं नाही. टेबल निवडताना पश्चिमेची खिडकी टाळा, साडेतीननंतर स्क्रीनवर ऊन येतं. एसीच्या झोताखालची जागा दुपारपर्यंत बरी वाटते, संध्याकाळी मान धरते. प्लग पॉइंट सैल आहे का ते हलवून बघा.

आता करार. चार पानं असतो, कोणी वाचत नाही. चार-पाच गोष्टी तरी शोधा: डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची, किमान किती महिने बांधील राहायचं, आणि मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू होतो का. मीटिंग रूमचे फुकट तास पुढच्या महिन्यात जातात का? बहुधा जात नाहीत. लॉकर आणि प्रिंटचे पैसे वेगळे असतात. घासाघीस करायची असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या, तेव्हा आमच्यावरही आकड्यांचं दडपण असतं. दर कमी करा म्हटलं तर मला वर विचारावं लागतं. लॉकर फुकट द्या, मीटिंग रूमचे दोन तास वाढवा, डिपॉझिट निम्मं करा, हे बऱ्याचदा मी बसल्या जागी करू शकते.

जीएसटी नोंदणी असेल तर पहिलं बिल निघायच्या आधी तुमचा नंबर द्या. बिलावर नंबर असेल तरच त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळतं, आणि मार्चमध्ये येऊन ‘मॅडम, मागची सगळी बिलं बदलून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे फक्त सहानुभूती आहे. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. तिथे पत्ता म्हणून आमची जागा द्यायची असेल तर हॉट डेस्कच्या पासावर ते होत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल ऑफिसची, म्हणजे बसायला नव्हे तर नुसता पत्ता वापरायची, वेगळी योजना असते. त्यात करार, जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत मिळते का, तुमच्या नावाची पाटी लावतात का, आणि अधिकारी पाहणीला आले तर त्यांच्याशी कोण बोलणार, हे आधी पक्कं करा.

बसायला लागल्यावरचे नियम सांगून येत नाहीत, म्हणून सांगते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी सकाळी नवाला बॅग ठेवून अकराला यायचं, हे चालत नाही. जेवायला गेलात तर ठीक. दीड-दोन तास बाहेर असाल तर सामान लॉकरमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये बोंबील गरम करू नका. मला स्वतःला बोंबील आवडतात, पण वास संध्याकाळपर्यंत मीटिंग रूममध्ये राहतो आणि तक्रार माझ्याकडे येते. मशीनचा चहा पहिल्या आठवड्यानंतर कोणालाच आवडत नाही, खालचं अमृततुल्य गाठा. तिथे कामंही मिळतात. आमच्याकडच्या एका ग्राफिक डिझायनरला निम्मे क्लायंट तिथेच भेटलेत.

बॅगेत लॅपटॉप स्टँड, माउस, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, स्वतःचं कुलूप आणि एक पातळ शाल ठेवा. पगार, औषधं, कोर्टाची कागदपत्रं असलं काही हाताळत असाल तर स्क्रीनला प्रायव्हसी फिल्टर (बाजूने बघणाऱ्याला काही दिसू न देणारा पडदा) लावा, वायफायला ‘पब्लिक नेटवर्क’ म्हणूनच जोडा आणि पाणी आणायला उठतानाही स्क्रीन लॉक करा. फोनवर क्लायंटचं नाव मोठ्याने घेऊ नका. पुणं लहान आहे. शेजारच्या टेबलावर त्याच क्लायंटचा मेहुणा बसलेला असतो.

ज्यांच्या कंपनीनेच ऑफिसातली ठरलेली टेबलं काढून बुकिंगचं ॲप दिलंय, त्यांच्यासाठी वरचं बरंच लागू आहे; भर एवढीच, की टीममधल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून शेजारशेजारची टेबलं आधी धरा आणि लॉकरची मागणी एचआरकडे लेखी करा. एकेकट्याने येऊन हेडफोन लावून घरच्यासारखंच काम करायचं असेल तर एवढा प्रवास कशाला?

सोडताना नोटीस मेलनेच द्या. कॉरिडॉरमध्ये ‘पुढच्या महिन्यापासून येत नाही हं’ असं मला सांगितलंत तर मी हसून ‘बरं’ म्हणते, पण सिस्टिममध्ये बिल निघतंच. पत्ता जीएसटीत दिलेला असेल तर नवीन पत्त्याची दुरुस्ती मंजूर होईपर्यंत करार चालू ठेवा. लॉकरची किल्ली आणि प्रवेशाचं कार्ड परत दिल्याची पोच त्याच मेलवर मागा. डिपॉझिट बहुतेक वेळा त्या दोन वस्तूंपायीच अडकतं.