‘आय भाकरी ईट’ कसं सुटलं: माझा अनुभव

डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) इंटर्नशिपला लातूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. तिसरीचा वर्ग. आपल्याकडे 2000 पासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं, त्यामुळं मुलांना शब्द भरपूर येत होते. वाक्य मात्र असं यायचं: ‘आय भाकरी ईट.’

आठवडाभर मी फळ्यावर कर्ता, क्रियापद, कर्म लिहीत राहिले. मुलं पाठ करायची आणि पुन्हा तेच. मग लक्षात आलं, मुलं चुकत नव्हती, मराठीच्या नियमानं बरोबर बोलत होती. ‘मी भाकरी खातो’ यात क्रियापद शेवटी येतं. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहिले आणि तिघांच्या गळ्यात अडकवले. आधी मराठी वाक्य उभं केलं: मी, भाकरी, खातो. मग पुठ्ठे उलटले, मागं इंग्रजी शब्द. ‘ईट’वाल्या मुलानं शेवटून पळत यायचं आणि मधे घुसायचं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, इंग्रजीत खाणं आधी, भाकरी नंतर!” इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

‘पेटीत’चं ‘इन द बॉक्स’ही असंच केलं, ‘त’ मागून उठून पुढं जातो. चारपाच दिवसांत बहुतेकांचं बोलणं सुधारलं. लिहिताना अजून घसरतात, म्हणून पुठ्ठे खिडकीतच ठेवलेत. सोमवारपासून प्रश्नार्थक वाक्यं. ‘डू’ला रांगेच्या पुढं उभं करणार आहे.