हंगामपूर्व सामन्यांतील गोल पाहून एफपीएलचा संघ निवडताय? या चुका टाळा

२१ जुलै २०२२ रोजी लाइपझिगमध्ये झालेल्या सराव सामन्यात लिव्हरपूलचा नवा आघाडीपटू डार्विन नुन्येझ मध्यंतरानंतर मैदानात उतरला आणि त्याने एकट्याने चार गोल केले. नऊ दिवसांनी, लीग सुरू होण्याआधीच्या कम्युनिटी शील्ड सामन्यात, त्याने मँचेस्टर सिटीविरुद्धही गोल केला. त्याच सामन्यात सिटीच्या अर्लिंग हालंडने अखेरच्या मिनिटांत अगदी जवळून चेंडू आडव्या खांबावर मारला आणि समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. फँटसी प्रीमियर लीग, म्हणजे आपले एफपीएल, हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खऱ्या खेळाडूंचा संघ ठरलेल्या रकमेत निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ. त्यात तेव्हा हालंडची किंमत ११.५ दशलक्ष पौंड होती आणि नुन्येझची ९. मी नुन्येझला घेतले, वाचलेल्या अडीच दशलक्षांत मधली फळी बळकट केली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

पहिल्या आठवड्यात नुन्येझने फुलहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून येऊन गोल केला, त्यामुळे चूक झाल्याचे लक्षातही आले नाही. दुसऱ्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसच्या बचावपटूला डोके मारल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले आणि तीन सामन्यांची बंदी आली. २७ ऑगस्टच्या शनिवारी आपल्याकडच्या साडेसात वाजता दोन सामने एकाच वेळी सुरू झाले: लिव्हरपूलने बोर्नमथला ९-० असे धुतले, तेव्हा नुन्येझ बंदीमुळे बाहेर होता, आणि हालंडने पॅलेसविरुद्ध हॅटट्रिक केली. हालंडने तो हंगाम ३६ गोलांच्या लीग विक्रमावर संपवला, तर नुन्येझचे गोल होते ९. लाल कार्डाचा अंदाज जुलैत कोणालाच येणार नव्हता हे मान्य. पण माझी चूक लाल कार्डाच्या आधीच झालेली होती.

गोल मोजणे, पण ते कसे झाले हे न पाहणे

नुन्येझच्या त्या चार गोलांपैकी पहिला पेनल्टीवर होता. लीगमध्ये मात्र लिव्हरपूलच्या पेनल्टी मोहम्मद सलाह घेत असे. सराव सामन्यात नव्या खेळाडूचा आत्मविश्वास वाढावा म्हणून चेंडू त्याच्या हाती दिला जातो, ही जुनी रीत आहे; पेनल्टी कोण घेणार याचा पुरावा म्हणून ती धरता येत नाही, विशेषतः नेहमीचा घेणारा मैदानात नसेल तर मुळीच नाही. कॉर्नर आणि फ्री किक यांचे तसे नाही. दोन-तीन सामने सलग एकच खेळाडू कॉर्नर घेत असेल, तर तो सराव ठरवून चाललेला असतो आणि त्याची नोंद जरूर ठेवावी.

प्रतिस्पर्ध्याचेही तेच. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मोठे संघ बहुधा खालच्या विभागांतील संघांशी खेळतात आणि मध्यंतरात अकराच्या अकरा खेळाडू बदलतात. अशा सामन्याच्या ७०व्या मिनिटाला झालेला गोल दमलेल्या किंवा राखीव बचावफळीविरुद्ध झालेला असतो.

संघाच्या निकालावरून बचावपटू निवडणे

ही चूक मला सर्वांत महाग वाटते, कारण ती विचारपूर्वक केल्यासारखी भासते. १२ जुलै २०२२ रोजी बँकॉकमध्ये मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० असे हरवले. नवा प्रशिक्षक, नवी शिस्त, क्लीन शीट (म्हणजे एकही गोल न खाणे), असे सगळे चित्र जुळून आले होते. प्रत्यक्षात लिव्हरपूलने त्या सामन्यात साधारण दर अर्ध्या तासाने जवळपास पूर्ण संघ बदलला होता. ऑगस्ट उजाडल्यावर युनायटेड घरच्या मैदानावर ब्रायटनकडून २-१ असे हरले आणि पुढच्याच आठवड्यात ब्रेंटफर्डने त्यांच्यावर ४-० अशी मात केली. ज्यांनी युनायटेडचे दोन-दोन बचावपटू घेतले होते, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वाइल्डकार्ड, म्हणजे सगळा संघ विनामूल्य बदलण्याची सवलत, उघडून ठेवले असावे.

मिनिटांकडे दुर्लक्ष

एफपीएलमध्ये ६० मिनिटे खेळणाऱ्याला २ गुण आणि त्याहून कमी खेळणाऱ्याला १ गुण मिळतो; बचावपटूला क्लीन शीटचे ४ गुण हवे असतील, तर त्यालाही ६० मिनिटे मैदानात राहावेच लागते. म्हणून हंगामपूर्व सामन्यांतून वाचायची पहिली गोष्ट म्हणजे कोण किती मिनिटे खेळला आणि कोणाच्या सोबत खेळला. शेवटच्या आठवड्यात अनेक क्लब लागोपाठच्या दोन दिवशी दोन सामने ठेवतात, त्यांतला एक खरी रंगीत तालीम असतो. २०२२ मध्ये युनायटेड शनिवारी ऑस्लोत ॲटलेटिको माद्रिदशी खेळले आणि रविवारी घरी रायो वायेकानोशी. रोनाल्डो रविवारच्या, म्हणजे रंगीत तालीम नसलेल्या, सामन्यात पहिला अर्धा भाग खेळला. पुढच्या रविवारी ब्रायटनविरुद्ध तो बाकावर होता. बातमी ‘रोनाल्डो परतला’ अशी होती, पण तो कोणत्या दिवशी खेळला याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

स्वस्त तरुण खेळाडूंच्या बाबतीतही हाच हिशेब आहे. ज्येष्ठ खेळाडू सुट्टीवर असताना अकादमीतला मुलगा दौऱ्यावर चमकतो आणि ४ किंवा ४.५ दशलक्षांत तो सगळ्यांच्या एफपीएल संघात राखीव बाकावर जाऊन बसतो. ज्येष्ठ परतल्यावरही तो सुरुवातीच्या अकरांत आहे का, एवढेच तपासावे.

उशिरा परतणाऱ्यांचा विचार मोठ्या स्पर्धेच्या वर्षी वेगळा करावा लागतो. २०२४ मध्ये युरो स्पर्धेचा अंतिम सामना १४ जुलैला झाला आणि प्रीमियर लीग १६ ऑगस्टला सुरू झाली. नॉर्वे त्या स्पर्धेत नसल्यामुळे हालंडला पूर्ण विश्रांती आणि पूर्ण सराव मिळाला. त्याने ओहायोत चेल्सीविरुद्ध हॅटट्रिक केली आणि मग लीगच्या पहिल्या तीन सामन्यांत ७ गोल केले. येथे हंगामपूर्व खेळ खरा ठरला हे खरे. पण हालंडला घेण्याचे भक्कम कारण ती हॅटट्रिक नव्हती, त्याचा मोकळा उन्हाळा होता.

यादीतील स्थान आणि मैदानातील जागा यांची गल्लत

हंगामपूर्व सामन्यांचा खरा उपयोग येथे आहे. २०१९-२० मध्ये शेफील्ड युनायटेडचा जॉन लंडस्ट्रम एफपीएलच्या यादीत बचावपटू होता आणि त्याची किंमत होती फक्त ४ दशलक्ष. गडी मात्र मध्यफळीत खेळत होता. बचावपटूच्या गोलाला ६ गुण, क्लीन शीटला ४, आणि खेळ मध्यफळीचा! अशी संधी गोलांच्या यादीत दिसत नाही. त्यासाठी सामन्याचे निदान पहिले वीस मिनिटे तरी पाहावे लागतात आणि चेंडू आपल्या ताब्यात असताना तो खेळाडू कुठे उभा राहतो, हे बघावे लागते. क्षणचित्रांत फक्त गोल दिसतात, त्यामुळे ती पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

चूक झालीच असेल तर

पहिल्या डेडलाइनपर्यंत कितीही बदल विनामूल्य करता येतात. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी असते. सलामीचा सामना इंग्लंडमध्ये शुक्रवारी रात्री आठला असेल, तर आपल्याकडे ती रात्री अकराला येते. तोवर प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा झालेल्या असतात, म्हणून अंतिम संघ त्यानंतरच ठरवावा. डेडलाइननंतर मात्र विनामूल्य ट्रान्स्फर संपल्यावर प्रत्येक जादा बदलाला ४ गुण मोजावे लागतात, त्यामुळे एका वाईट सामन्यावरून कोणाला काढू नये. खेळाडू ६० मिनिटे खेळत असेल आणि त्याची जागा तीच असेल, तर त्याला आणखी दोन आठवडे द्यावेत. तो बाकावर बसला असेल, तर लगेच विकावा. मी तेव्हा नेमके उलटे केले. नुन्येझची बंदी संपण्याची वाट पाहिली, आणि हालंडला आणायला निघालो तोवर त्याची किंमत वाढलेली होती, त्यामुळे चांगला खेळणारा एक मध्यरक्षकही विकावा लागला आणि वर ४ गुण गेले.