चार कोटी अंकांची मूळ संख्या कागद-पेन घेऊन कशी समजून घ्यायची

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांटने गिम्प्स (जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरवर अशा मोठ्या मूळ संख्या शोधतात तो) प्रोजेक्टमधून २^१३६२७९८४१ − १, म्हणजे २ च्या १३६२७९८४१ व्या घातातून १ वजा, ही मूळ संख्या शोधली, तोवर माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांपेक्षा मोठी. ती अख्खी लिहायला कोणी बसणार नाही, पण तिच्याबद्दल बरंच काही एका पानात काढता येतं आणि मला तरी हेच जाम आवडतं.

आधी बघू किती अंकी आहे. घाताला २ च्या लॉगने गुणायचं, लॉग टेबलमधलं ०.३०१०३ बहुतेकांना पाठ असतं, पण ते इथे वापरू नका!! त्याने ४१०२४३२०.५४ येतं आणि अंक एकाने जास्त निघतात. घात इतका मोठा आहे की नवव्या दशांश स्थळातला फरकसुद्धा उत्तर बिघडवतो. ०.३०१०२९९९५६६ घ्या, मग येतं ४१०२४३१९.९४५. पूर्णांकात १ मिळवा, अंक झाले ४,१०,२४,३२०. आणि उरलेलं .९४५ फेकू नका, १० चा .९४५ घात साधारण ८.८१ येतो, म्हणजे संख्या ८८ ने सुरू होते. मधले कोट्यवधी अंक न बघता हे कळलं!

आता शेवटचे दोन अंक. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी परत येतात, आपल्या घाताला २० ने भागलं की बाकी १. पण म्हणून २^१ धरू नका, कारण २^२ पासून पुढे सगळे ४ ने भागले जातात आणि २ स्वतः त्या चक्रात येतच नाही. २^२१ घ्या, म्हणजे २०९७१५२, शेवट ५२, एक वजा केला की ५१.

मूळ आहे की नाही हे कसं ठरवतात ते २^७ − १ म्हणजे १२७ वर करून बघा. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा, १२७ ने भागून बाकी ठेवायची, असं घात वजा २ म्हणजे ५ वेळा. ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं की मूळ, नाही आलं तर नाही, विषय संपला. फ्रेंच गणितज्ञ लुकासने १८७६ मध्ये याच विचाराने ३९ अंकी २^१२७ − १ मूळ ठरवली, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते हे लक्षात घ्या, अमेरिकन गणितज्ञ लेमरने नंतर पद्धत सोपी केली.

ड्युरांटच्या संख्येला हेच १३,६२,७९,८३९ वेळा करावं लागतं आणि दरवेळी चार कोटी अंकी संख्येचा वर्ग, म्हणून तिथे जीपीयू (एकाच वेळी खूप आकडेमोड करणाऱ्या ग्राफिक्स चिप) लागले. तुम्ही घात ११ घेऊन करा, ९ पायऱ्या आहेत. शून्य येणार नाही, कारण २०४७ = २३ × ८९, घात मूळ असला तरी संख्या मूळ असेलच असं नाही.