एकाहत्तरच्या फौजीला घेऊन लोंगेवालाला जाताना

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली एनसीसीची मुलं घेऊन मी जैसलमेरला जातो. सोबत १९७१ च्या भारत-पाक युद्धात त्या भागात असलेला एखादा माजी सैनिक असतो. हे जमवायचं कसं, असं दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक विचारत असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सुरुवात माणूस शोधण्यापासून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माहिती मिळते. मुलांना अर्थातच पदकवाला हवा असतो. जैसलमेरजवळच्या सीमाभागातल्या लोंगेवालाच्या चौकीवर २३ पंजाब या पलटणीचे सुमारे १२० जवान होते, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी ४-५ डिसेंबरची रात्र ती चौकी धरून ठेवली, पाकिस्तानी रणगाडे वाळूत रुतले आणि उजाडल्यावर हवाई दलाच्या हंटर विमानांनी ते टिपले, हे सगळं मुलं मोबाईलवर बघूनच येतात. पण त्या वाळवंटात पाणी, रेशन आणि दारूगोळा पोचवणारेही होते. मागच्या खेपेला आमच्याबरोबर आलेले आबा एएससीत, म्हणजे सैन्याला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर होते. "मी काय केलं? गाडी चालवली," म्हणून ते यायलाच तयार नव्हते. माझं मत विचाराल तर असाच माणूस न्या. त्याचं कुणी कधी ऐकलेलं नसतं, आणि त्याच्याकडे ठरीव भाषणही नसतं.

निघण्याआधी महिनाभर मुलांना त्या माजी सैनिकाच्या घरी पाठवा, दोघादोघांना. सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक बघायला मागा. त्यांच्या नोकरीच्या नोंदी त्यात सापडतात. नकाशा पुढ्यात पसरून त्यांच्या बोटाला फिरू द्या. त्यांची तारीख आणि पुस्तकातली तारीख जुळली नाही तर दोन्ही लिहून घ्या, पण "आबा, तसं नव्हतं" असं म्हणायचं नाही. युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं हे मुलांनी वाचलेलं असतं. आबा तिथे होते.

"तुम्ही किती जणांना मारलं?" हा प्रश्न कुणी विचारणार नाही, हे आधीच बजावून ठेवा. कामाबद्दल विचारा. वाळूत गाडी रुतली की काय करायचे? आबांनी टायरमधली हवा किती कमी करायची, फळ्या कशा घालायच्या, दिवे न लावता रात्री पुढच्या गाडीमागून कसं जायचं, हे तासभर सांगितलं. त्यातच मधे, ओघात, एका मित्राचं नाव आलं. विचारून ते आलं नसतं.

आता तब्येत. हा माणूस पंचाहत्तरी ओलांडलेला असणार. ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांची एक पिशवी कायम एका ठरलेल्या मुलाच्या खांद्यावर हवी. रेल्वेत लोअर बर्थ. ऐकू कमी येत असेल तर समोर येऊन बोला, पाठीमागून ओरडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी लिहीत नाही: दर तासाला लघवीसाठी गाडी थांबवा. ते स्वतःहून सांगणार नाहीत, पाणी प्यायचंच बंद करतील आणि संध्याकाळी चक्कर येईल. "मला उतरायचंय" असं एखाद्या मुलानेच म्हणायचं. आमच्या गाडीत या कामाची पाळी लावलेली असते.

घरचं एक माणूस बरोबर असावं, शक्यतो नातू. मुलगा आला तर तो वडिलांच्या वतीने गोष्ट सांगायला लागतो, "अहो बाबा, ते ट्रकचं सांगा ना!" अशा मुलाला सन्मानाने दुसऱ्या गाडीत बसवा.

नोव्हेंबर अखेर बरी. नाताळात जैसलमेर पर्यटकांनी भरून जातं. दिवसा ऊन असलं तरी रात्री थंडी झोंबते. कानटोपी आणि जाड मोजे विसरू नका. जैसलमेरहून रामगढमार्गे सीमेजवळचं तनोट सुमारे १२० किलोमीटर. पुढे सीमेकडे जायला बीएसएफची परवानगी लागते, तिची चौकशी जैसलमेरलाच करा. वाटेत मोबाईलला रेंज येते-जाते. लष्करी ठाण्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि वाळूत दिसलेल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला हात लावायचा नाही.

तनोट मातेच्या मंदिरात न फुटलेले तोफगोळे ठेवलेत, लोंगेवालाला पकडलेले रणगाडे आहेत. रणगाड्यावर चढून सेल्फी काढायची नाही, हे गाडीतच सांगून ठेवा. स्मारकापाशी त्यांना पदकं लावायची आहेत का, हे आदल्या रात्री विचारा. आबांनी पश्चिमी स्टार हे त्यांचं पदक खिशात ठेवलं होतं, बाहेर काढलंच नाही. ठीक आहे.

पण स्मारक म्हणजे त्यांची जागा नव्हे. त्यांची जागा रामगढच्या अलीकडे कुठेतरी असते, जिथे लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर होतं, पाण्याची टाकी होती. ती बहुतेक सापडत नाही. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यावर त्या भागात शेती झाली, डांबरी रस्ते झाले, जैसलमेरभोवती पवनचक्क्या उभ्या राहिल्या. माणूस गोंधळतो, कधी चिडतो. यासाठी अख्खा अर्धा दिवस मोकळा ठेवा, दुसरं काहीच ठरवू नका. आबांनी तीन ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि तिन्ही ठिकाणी "हे नव्हे" म्हणाले. चौथ्या ठिकाणी खाली उतरून चालत गेले. ती जागा खरी होती की नाही, हे आम्ही तपासलं नाही.

ते गप्प झाले तर मोबाईल खिशात. दहा पावलं मागे उभं राहा, पाण्याची बाटली जवळ असू द्या. धीर देणारी वाक्यं नकोत. रात्री त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपायलाच हवं, कारण अशा दिवसानंतर झोप लागत नाही किंवा दचकून जाग येते. परतल्यावरही आठवडाभर घरी फोन करून चौकशी करा. झोप उडालेलीच असेल तर डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

रेकॉर्डिंगची प्रत पेनड्राइव्हवर घरी द्या. कुठलाही तुकडा स्टेटसला टाकण्याआधी त्यांना तो ऐकवा आणि विचारा. आणि बोलण्यात आलेल्या शहीद मित्राचं नाव असेल तर तो तुकडा टाकूच नका. त्याच्या घरची माणसं अजून असतील, आणि तो कसा गेला हे त्यांना कदाचित वेगळंच सांगितलेलं असेल.